सासऱ्यांची डायरेक्ट लाइन

आमचे सासरे, नाना, घोरतात. इतर लोक घोरतात तसे नव्हे. कराडला आमच्याकडं ते पहिल्यांदा राहायला आले, त्या रात्री समोरचा पिठाच्या गिरणीवाला बॅटरी घेऊन खाली आला, की माझी गिरणी आपोआप चालू कुणी केली? हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण गिरणीवाला खोटं बोलणारा माणूस नाही, आणि मी तर नाहीच नाही.

पुढं डॉक्टरांनी या घोरण्यातली गंमत संपवली. नानांचा श्वास झोपेत मधेच थांबतो, असं निघालं. तेव्हापासून ते नाकावर मास्क लावून झोपतात. उशाशी एक पेटी, पेटीतून नळी, नळीतून हवा. मशीन चालू असलं की नाना तान्ह्या बाळासारखे झोपतात. बंद पडलं की गुदमरून उठतात, उजाडेपर्यंत बसून राहतात आणि दुसरा सगळा दिवस त्यांच्या हातापायांत जीव नसतो. त्यामुळं भिंतीत प्लग आणि प्लगात खात्रीची वीज असेल तिथंच नानांचा मुक्काम. बाकी जग त्यांना बंद.

आता या बंद जगात नेमकी त्यांची बहीण राहते. नाना मूळचे पेणजवळच्या खाडीकाठचे, मिठागरात वाढलेले. थोरली बहीण हिरा, म्हणजे माझ्या बायकोची, सुनंदाची आत्या, रोह्याकडं वरशाच्या पुढच्या एका गावात दिलेली. तिथं वीज लहर लागली तर येते. नाना पहाटे कराडहून निघायचे आणि त्याच रात्री प्लगापाशी परतायचे. यंदा आत्याचा फोन आला. फोनची तशी गरज नव्हती, तिनं रोह्याहून नुसती हाक मारली असती तरी कराडला ऐकू आली असती.

"नाम्या, येतोस नि च्या पिऊन पाव्हण्यासारा उठून जातोस. वालाला शेंगा भरल्यात. शेतात मडक्यात पोपटी लावू. एक रात ऱ्हा माझ्याकडं. पुढच्या वालाला मी हाय का नाय कोनाला म्हाईत?"

नाना फोन ठेवून बराच वेळ भिंतीतल्या प्लगाकडं बघत बसले. ते मला बघवलं नाही. मी म्हणालो, "नाना, प्लग आपण बरोबर नेऊ."

एक जुनी रुग्णवाहिका भंगारात निघाली होती. ती घेतली, तिच्यात दोन पलंग, फ्रिजची पेटी, पंखा, टपावर सोलर पॅनेल आणि खाली लिथियमची बॅटरी बसवली. माझा धंदा मंडप, लाउडस्पीकर आणि लग्नाच्या लायटिंगचा, तेव्हा वायर म्हणजे आपला हातचा मळ. आमच्या धंद्यात एक पक्का रिवाज आहे. झुंबर, कारंजं, आचाऱ्याचा पंखा हे सगळं एका बोर्डावर, पण स्टेजवरच्या प्रमुख पाहुण्याच्या माइकला डायरेक्ट लाइन. थेट मुळापासून वेगळी वायर, मधे कुणाची लुडबुड नाही. कारंजं बंद पडलं तर चालतं, पाहुणा बंद पडला तर पुढच्या वर्षीचं काम जातं. तर गाडीत प्रमुख पाहुणे कोण? नाना. त्यांच्या मशीनला मी बॅटरीपासून दोन जाडजूड वायरी थेट टाकल्या आणि म्हणालो, "ही तुमची डायरेक्ट लाइन. हिच्यात कुणाची भागी नाही." सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सुनंदा म्हणते, त्यांना सर्दी होती.

मिठागराच्या बांधावर

रस्त्याचं वर्णन मी करत नाही. त्या महामार्गावर मी जे भोगलं ते सांगितलं तर तुम्ही घराबाहेर पडणार नाही. आधी नानांचं मिठागर, मग आत्या, असं ठरलं होतं. पेण आलं, गाडी खाडीकडं वळली, आणि एकदम समोर आकाश. वर एक आणि खाली चौकोन चौकोन पाडून ठेवलेलं दुसरं. आमच्याकडं घाटावर वाफा म्हटलं की त्यात ऊस उभा राहतो. इथं वाफ्यात नुसतं खाडीचं पाणी घेतात, ऊन खाऊ घालतात, आणि पीक येतं ते पांढरंशुभ्र, कणीदार. नवं मीठ नुकतंच धरू लागलं होतं. नाना चपला काढून बांधावरून असे चालत सुटले, की मी मागून धावत होतो आणि वयानं ते माझ्यापेक्षा मोठे आहेत हे कुणाला सांगून पटलं नसतं.

मिठागरात काम करणारं एक जोडपं दाताळं ओढत होतं. त्यातल्या बाईनं नानांना वडिलांच्या नावावरून ओळखलं आणि लगेच जेवायचं विचारलं. आमच्याकडं आधी तुम्ही कुठले, कोणाचे, काय काम काढलं, असा पंचनामा होतो आणि मग पाणी येतं. इथं आधी ताट आलं. जिताड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी. आमची ज्वारीची भाकरी दाताशी चार हात करते. ही भाकरी रुमालासारखी घडी घालून खिशात ठेवावी. तो जिताडा एवढा मोठा होता, की डोकं माझ्या ताटात आणि शेपूट शेजारच्या गावात. नानांनी निघताना वाफ्याकडेच्या ढिगातलं मूठभर जाडं मीठ मागून रुमालात बांधलं. "हिरीला," म्हणाले. "पोपटीत टाकाया."

संध्याकाळी मी गाडीतल्या व्होल्ट-मीटरकडं बोट दाखवलं. लाल आकडे लखलखत होते, १३.२. "नाना, भरलेली आहे. तुमच्यासारखे दहा झोपले तरी पुरेल."

सकाळी मी उठलो तेव्हा नाना बांधावर बसले होते. मास्क मांडीवर. चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा. पहाटे मशीन बंद पडलं होतं, पंखा बंद, फ्रिज बंद, सगळी गाडी ठार. रात्री मधे जाग आली तेव्हा नानांनी मीटर पाहिला होता. तेव्हाही त्यावर तेरा पॉइंट काहीतरीच होतं. म्हणजे शेवटच्या क्षणापर्यंत तो आकडा मजेत होता.

"मला उठवायचं नाही का?" सुनंदा म्हणाली.

"तू दमलेलीस गो," नाना म्हणाले आणि रुमालाची गाठ पुन्हा घट्ट करत बसले.

सुनंदानं माझ्याकडं पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या पाहण्याचा अर्थ मला लागतो. "मी वरशाच्या लॉजवर खोली सांगून ठेवते आहे," ती म्हणाली. "भिंत, प्लग आणि जनरेटरवाली. आज रात्री बॅटरी पुरेल अशी खात्री झाली, तर नाना आत्याच्या शेतात झोपतील. नाही झाली, तर लॉज. आणि खात्री म्हणजे तुमचं तोंड नव्हे."

रामवाडी

बॅटरीचं दुकान पेणच्या रामवाडीत सापडलं. मालक म्हात्रे, पोटानं गोल, बोलण्यानं त्याहून गोल. मला पहिल्याच वाक्यात कळलं, की हा गडी आपल्या जातकुळीतला आहे.

"बोला शेट. आपल्या बॅटरीवर अख्ख्या पेणचे गणपती रंगतात," तो म्हणाला. "वीज गेली तर देवाचा डोळा अर्धा ऱ्हायचा. तेवढ्यासाठी लोक माझ्याकडं येतात."

"आमच्या लायटिंगवर विमानं उतरतात," मी म्हणालो. "कराडला एका लग्नात एक उतरतच होतं, आम्ही झटक्यात दिवे विझवले म्हणून वाचलं."

त्यानं मान डोलावली. ओळख पटली. सुनंदानं घसा खाकरला आणि पहाटेची हकीगत सांगितली. म्हात्रेनं आमचा व्होल्ट-मीटर पाहिला आणि हसला, पण नानांकडं पाहून हसणं आवरलं.

"ह्याचं काय चुकलं नाय, वहिनी. जुनी पाण्याची बॅटरी संपत आली का व्होल्टेज हळूहळू खाली येतो, मानसाला कळतं. ही लिथियमची हाय. भरलेली असू दे, अर्धी असू दे, आकडा तेराच्या आसपासच. ही माझ्या मेव्हण्यावर गेली हाय. खिसा भरलेला असो का फाटलेला, तोंडावर तोच रुबाब. नि मग एकदम धाडकन."

"मग कळायचं कसं?" नानांनी विचारलं.

म्हात्रेनं काचेवर दोन वस्तू मांडल्या. पहिलं एक कडं होतं. "ह्यातून वायर ओवायची, कापाकापी नाय. सोपं हाय. पण मोठा करंट बघतो, बारीक सुटतो. नि ऊन लागलं का आकडा सरकतो. तुमचं मशीन रातभर बारीकच खानार. तुमच्या कामाचं नाय."

दुसरा एक पितळी ठोकळा, दोन्ही बाजूंना जाड नटबोल्ट, आणि त्याला जोडलेली गोल तबकडी. "हा शंट. बॅटरीच्या मायनसला बसतो. बॅटरी म्हंजी घर समजा, नि हा दारात बसलेला रखवालदार. आत किती गेलं, भायेर किती आलं, सगळं मोजतो, नि शंभरातले किती ऱ्हायले ते दाखवतो. अट एकच, सगळ्यांनी ह्याच दारातून जायचं. मागल्या दारानं गेलेलं ह्याला कळत नाय."

मी जोरात मान हलवली. कळलेल्या माणसासारखी. ती मान पुढं मला महागात पडली.

ठोकळ्याचा आणखी एक प्रकार होता, तबकडीऐवजी आकडा मोबाईलवर दाखवणारा. मला तोच भावला. गल्लीत दाखवायला बरा. पण नाना काउंटरवर वाकून म्हणाले, "मोबाईल हिच्याकडं. रातचा जागा कोन? मी. मला आकडा दिसला पायजे झोपल्या जागंवरनं, चष्म्याबिगर."

म्हात्रेनं तबकडी दुकानाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन धरली. "दिसतोय?"

"आठ-आठ-आठ."

"मग हाच तुमचा. लग्न जमलं." तो बटणं दाबायला लागला. "आता बॅटरी केवढी ते सांगा. किती अँपियर-तास?"

"शंभर," मी म्हणालो.

"पन्नास," सुनंदा म्हणाली.

"तशी शंभराचीच—"

"लेबलवर पन्नास आहे. शंभर तुम्ही गल्लीत सांगता."

म्हात्रेनं बोट बटणावर तसंच धरलं. "शेट, घरच्या गोष्टी घरात. पण हा मीटर आत वाकून बघत नाय हां. टाकी केवढी ते तुमच्याकडनं ऐकतो नि त्यावर बेरीज-वजाबाकी करतो. तुम्ही शंभर सांगितलंत, तर बॅटरी रिकामी झाली तरी हा बोलेल, अर्धी हाय. नि बाबा बसतील अंधारात."

नाना भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते. मी म्हणालो, "पन्नास घाला." ते दोन शब्द मला कराडच्या घाटासारखे चढले. कराडला घाट नाही म्हणतील कोणी, पण त्या दिवशी होता.

बॅटरी म्हात्रेच्या चार्जरवर लावली. एकदा पूर्ण भरल्याशिवाय मीटरला शंभर म्हणजे काय हे कळत नाही, असं तो म्हणाला. तोवर आम्ही गणपतीचे कारखाने पाहून आलो. इथं गणपतीला भाद्रपद लागत नाही. बाराही महिने रांगाच रांगा, बिनरंगाचे, पांढरे, डोळे न उघडलेले. नाना त्यांच्यात उभे राहिले तर कुणी त्यांनाही रंगवायला घेतलं असतं, इतके ते गप्प आणि पांढरे दिसत होते त्या सकाळी. सुनंदानं त्यांना ऊन-ऊन चहा आणि पोह्याचे पापड खायला घातले, तेव्हा जरा रंग आला.

दुपारी गाडी परत ताब्यात आली. म्हात्रेकडं गिऱ्हाईक तुंबलं होतं. मी म्हणालो, "वायरी मी जोडतो, आपला रोजचा धंदा." बोर्डाची वायर त्या ठोकळ्यावर आणली, नट आवळले. नानांची डायरेक्ट लाइन तेवढी जशीच्या तशी ठेवली. सासऱ्यांच्या मानाला हात घालायची माझी छाती नव्हती. तबकडी नानांच्या पायथ्याशी लावली. आकडा उमटला, १००. नाना पलंगावर आडवे झाले, चष्मा काढला आणि म्हणाले, "दिसतंय."

गडब

रात्रीच्या जागरणानं नानांचे डोळे मिटत होते. वाटेत गडब गावाला एका झाडाखाली सावली बघून गाडी लावली. नानांनी मास्क चढवला, मशीन लावलं, आणि ते झोपले. इंजिनावरून बॅटरी भरायची वायर टाकायची माझी राहून गेली होती, आणि झाडाखाली टपावरचं पॅनेलही पेंगत होतं. पण मी निर्धास्त. रखवालदार दारात होता.

शेजारी पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेली एक टपरी होती. आता विचार करा. जुनी रुग्णवाहिका, तिच्यावरचा लाल पट्टा मी अजून खरवडलेला नव्हता, खिडकीत मास्क लावलेला पांढऱ्या केसांचा माणूस, डोळे मिटलेले. टपरीवाल्या बाईनं तराजू टाकला आणि धावत आली.

"काय झाला गो म्हाताऱ्याला?"

"काही नाही, झोपलेत," सुनंदा म्हणाली.

"असाच बोलतान सगले. जीव घट कर गो बाय."

बघता बघता माणसं जमली. एकानं शहाळं आणलं. एकानं महामार्गावर उभं राहून वाहनांना हॉर्न वाजवू नका म्हणून हात करायला सुरुवात केली, आणि मी शपथेवर सांगतो, एक डंपर खरोखरच चोरपावलांनी गेला. आमच्याकडं अशा वेळी लोक आधी हळहळतात आणि मग कुठल्या डॉक्टरकडं न्यायला हवं होतं यावर भांडतात. इथं कुणी भांडलं नाही. टपरीवाल्या बाईनं सुनंदाच्या पाठीवर हात ठेवला तो काढेचना. सुनंदाही खुळ्यासारखी रडायच्या बेतात आली. वडील घोरत नाहीत म्हणून.

मी गर्दीला मीटर दाखवत होतो. "शंभरावर होता, आता पंच्याण्णव. तेही फ्रिजनं खाल्लं. मशीनला म्हणाल तर भूकच नाही. असं मशीन, असा मीटर, अख्ख्या जिल्ह्यात—"

तेवढ्यात नाना जागे झाले. खिडकीला चिकटलेली तोंडं त्यांनी एकदा शांतपणे पाहिली, मास्क वर केला आणि विचारलं, "कांदा कसा दिला?"

एक म्हातारा मागच्या मागं बसला. टपरीवाली बाई आधी किंचाळली, मग पदर तोंडाला लावून इतकी हसली, की कांद्याची माळ तिनं आम्हाला तशीच दिली. पैसे घेईना. "मेलेला मानूस उठला नि पयला भाव इचारतो," म्हणाली. "हा आमचाच."

गाडी निघाली. सगळे हसत होतो. सुनंदा मात्र तबकडीकडंच बघत होती.

वरशाच्या पुढं

हिराआत्या शेताच्या बांधावर उभी होती. आमची ही पहिलीच भेट, आणि मी तिला फोनवरच्या आवाजावरून ताडाएवढी धरून चाललो होतो. ती माझ्या कोपराएवढी निघाली. नाना उतरले, तिनं त्यांच्या गालावर हात फिरवला आणि तोच हात पाठीत घातला. "वाळलास मेल्या. घाटावर काय घालीत नाय काय खायाला?"

"आत्या, घालतो की—" मी सुरुवात केली.

"तू गप, जावयबापू. तुझं सगलं ऐकून हाय मी."

भात कधीच कापून झालं होतं आणि त्याच ओलीवर वाल भरून आला होता. शेताच्या कडेला आत्याच्या सुनेनं मडकं मांडलं होतं. तळाशी आणि कडेनं भांबुर्ड्याचा पाला, आत वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा. नानांनी रुमाल सोडला. आत्यानं मिठाचा एक खडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाली, "आपल्या खाडीचं." सगळं मीठ तिनं त्या मडक्यात टाकलं, चार दाणे तेवढे पदराला बांधून ठेवले.

सूर्य डोंगराकडं कलला होता. सुनंदानं मला गाडीत बोलावलं.

"फ्रिज बंद करा." केला. बटण दाबलं की तबकडीवर टक्क्यांऐवजी त्या घडीला वाहणारा करंट दिसतो. तो शून्य.

"पंखा लावा." आकडा लगेच वजा दोनवर गेला. "बंद करा." शून्य.

"आता नानांचं मशीन."

मी मशीन लावलं. हवा सूं करून सुटली, हवा ओलसर करणारी पाण्याची डबी तापायला लागली. तबकडीवर शून्य. मी तबकडीवर टिचकी मारली. शून्य. मी तिच्याकडं प्रेमानं बघितलं. शून्य.

"माझा बाप काय हवेवर चालतो?" सुनंदा म्हणाली.

आणि मला म्हात्रेचं दार आठवलं. सगळे पुढच्या दारानं जात होते. पंखा, फ्रिज, दिवा. फक्त नाना, त्यांच्या त्या जाडजूड, मानाच्या, माझ्या धंद्यातल्या सगळ्या अकलेनं टाकलेल्या वायरीवरून थेट बॅटरीतून, मागच्या दारानं. ज्या एका माणसासाठी मीटर घेतला, त्याचं सोडून बाकी साऱ्या गाडीचं तो इमानदारीनं मोजत होता. गडबच्या झोपेत मशीननं जे खाल्लं त्याचा त्याला पत्ताच नव्हता.

नाना दारात उभे राहून ऐकत होते.

"म्हंजी सगल्यांचं मोजतो, माझंच नाय?" आल्यापासून त्यांच्या जिभेवर खाडी परत आली होती.

"नाना, तुमचा मान म्हणून—"

"मान कसला जावयबापू. पंगतीतनं उठवून येगळं बसवलंत, नि मंग वाढपी माझ्यापर्यंत आलाच नाय." ते हसले, पण पहाटेचा थकवा अजून डोळ्यांखाली होता. "बसवा मला सगल्यांच्या रांगेत."

मी बॅटरीवरची ती मायनस वायर सोडली आणि ठोकळ्याच्या दुसऱ्या बाजूला, पंख्याच्या नि फ्रिजच्या वायरीशेजारी आवळली. मशीन लावलं. वजा चार. नाना मोजणीत आले.

पण रात्रीचं काय? तबकडी म्हणत होती ऐंशी. त्यात गडबची झोप धरलेलीच नव्हती. ती वजा केली तर पासष्ट, कदाचित साठ. अंदाज, नुसता माझा अंदाज. आणि माझ्या अंदाजाची ख्याती रोह्यापर्यंत पोचलेली.

बाहेर मडकं उलटं ठेवून वर गवत-काटक्या रचून पेटवलं होतं. पोपटीची गंमत अशी, की तोंड खाली आणि पाल्यानं गच्च. आत काय चाललंय ते उघडून बघता येत नाही. उघडली की बिघडली. आत्यानं जाळ बाजूला करवला, ओंजळीतलं पाणी मडक्यावर शिंपडलं आणि कान दिला. पाणी चुर्रकन उडालं. "झाली," म्हणाली, आणि झालीच होती. शेंगा सोलून सोलून खाल्ल्या. त्या चवीबद्दल मी वाढवून सांगू शकतो, पण इथं वाढवायला जागाच नाही. खाडीचं मीठ, शेतातला वाल आणि पाल्याचा कडसर वास. आमच्या तांबड्या रश्श्यानं त्या संध्याकाळी माझ्या मनातल्या मनात मान खाली घातली.

सुनंदानं हात धुतले आणि फोन काढला. वरशाचा लॉजवाला विचारत होता, येणार का नाही. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. आत्या जवळ आली. आवाज एकदम खाली.

"जावयबापू, खरं बोल. पुरंल काय रातभर? नाय पुरत तं नाय. माझ्या हट्टापायी त्याला तरास नको."

'दहा जण झोपले तरी' हे वाक्य जिभेच्या टोकावर तयार उभं होतं. त्याला नेहमीची सवय. मी नानांकडं पाहिलं, त्यांच्या त्या फडक्यासारख्या चेहऱ्याकडं. मग हिशेब केला. फ्रिज रिकामा करून बंद. पंखा बंद, थंडी होतीच. मशीनमधलं पाणी तापवायचंही बंद, इथल्या हवेत ओल आहेच. नुसती हवा चालवायची.

"पुरेल," मी म्हणालो. "पण जेमतेम."

सुनंदानं कानावर विश्वास न बसल्यासारखं पाहिलं. हा शब्द तिनं माझ्या तोंडून लग्नातही ऐकला नव्हता.

नानांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि गाडीकडं चालायला लागले. "फोन कर गो सुनंदे, खोली नको म्हनून," ते म्हणाले. "हा जेमतेम बोलला म्हंजी नक्की पुरंल."

सकाळी मी बाहेर आलो तर हिराआत्या गाडीच्या पायरीवर बसलेली, डोळे तांबारलेले. हातातला चहा झाकलेला.

"झोप नाही लागली, आत्या?"

"कशी लागंल? लहानपनी ह्याच्या घोरन्यानं मिठागरातले बगळे उडायचे. नि काल आवाजच नाय! सारखी उठून बघीत व्हते, छाती हलते का नाय ती."

आत नाना गाढ झोपले होते. ऊन त्यांच्या पायांवर आलं होतं. तबकडीवर चौतीस होते, त्यातून गडबची झोप वजा करा. म्हणजे फारसं काही उरलं नव्हतं. पण पहाट कधीच उलटून गेली होती आणि मशीन अजून हळूच सूं करत होतं. आम्ही कुणी त्यांना उठवलं नाही. बऱ्याच वेळानं ते आपण होऊन उठले, मास्क काढला, डोळे बारीक करून आकडा वाचला आणि आधी बहिणीकडं बघितलं.

"ताय, आज पन ऱ्हातो."

आत्यानं झाकलेला चहा त्यांच्या हातात दिला आणि लगेच माझ्याकडं वळली. "काय रं जावयबापू? आजची रात पुरंल काय?"

मी तबकडीकडं पाहिलं. मग टपावर, पॅनेलवर चढत असलेल्या उन्हाकडं. 'रगड!' तोंडात आलं होतं. गिळलं.

"संध्याकाळी सांगतो," मी म्हणालो.